बोलायचं ते मी बोलतो

निवृत्तीनं पुंजारामच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जरासा दाबला. “दाजी, आत गेल्यावर तुम्ही काही बोलू नका. बोलायचं ते मी बोलतो. आणि त्या सरकारी दवाखान्याचं तर नावच काढायचं नाही.” पुंजारामनं मान हलवली. हलवली कसली, हलली. त्याला न विचारता ती आपली आपण हलली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण हो म्हणून बसलोय. मेव्हण्याचा हात अजून गुडघ्यावरच होता. जाड बोटांचा, नखांच्या कडेला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली काळी रेघ असलेला. ती रेघ साबणानं जात नाही. हाच हात एकेकाळी पुंजारामच्या घरी, पुंजारामच्या शेजारी बसून भाकरी मोडायचा. आयटीआय होईस्तोवर निवृत्ती त्यांच्याकडेच राहत होता, शकूचा धाकटा भाऊ म्हणून, आणि ‘दाजी, वही आणायचीय’ म्हणताना त्याची मान वर होत नसे. आता तो बाकावर ऐसपैस बसून थोरल्या माणसाचा गुडघा दाबतो आणि गप राहायला सांगतो, लहान पोराला लग्नात सांगावं तसं. पुंजारामला वाटलं, हा हात दोन बोटांनी उचलावा आणि त्याच्या मांडीवर ठेवून द्यावा. त्यानं तसं काही केलं नाही. फक्त राग आला, आणि तोही सरळ डोक्यात न जाता पोटात गेला, जिथं काल रात्री प्यायलेलं एरंडेल अजून गुरगुरत होतं. त्या पोटापायीच तर सगळं चाललं होतं.

त्र्यंबक रस्त्यावरचा हा बंगला म्हणजे खाजगी एक्स-रे. पुढच्या पडवीत दोन बाकं, भिंतीला टेकून माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर मोठाली पाकिटं. मशीन मोठं होतं आणि ते चालवणारा डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून आज ही गर्दी. हा नंबर निवृत्तीनं मिळवलेला. वीजकेंद्राच्या दवाखान्यातल्या कुणाची तरी ओळख काढून त्यानं आधी एका मोठ्या डॉक्टरांना गाठलं, मग त्यांनी या डॉक्टरांकडे धाडलं. रजा टाकली, रिक्षा आणली, रात्री एरंडेलाची बाटली घेऊन आला आणि समोर उभं राहून पाजलं. अशा माणसावर रागवायचं म्हणजे नतद्रष्टपणाच की. पुंजारामला तेच तर सोसत नव्हतं. शत्रू असता तर सोपं होतं. हा बिचारा त्याच्यासाठी धावाधाव करत होता, आणि धावता धावता त्याला मारायला निघाला होता.

मारायला, हा शब्द मनात आला तसा पुंजाराम सावरून बसला. खरं होतं का ते? तीन दिवसांपूर्वी, सोमवारी, सरकारी दवाखान्यातल्या त्या तरुण सर्जननं त्याला टेबलावर गुडघ्या-कोपरांवर ओणवं केलं, एक लोखंडी नळी आत सारली, आणि आतल्या आत काहीतरी चिमटीत धरून तोडलं. दुखलं नाही फारसं. पण आपल्या आतून काहीतरी कायमचं गेलं, हे मात्र कळलं. सर्जननं हात धुतले, समोर स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “पुंजाराम, नीट ऐका. आत गाठ आहे. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. तुकडा जरा खोल घ्यावा लागला, म्हणून तिथली भिंत आता कच्ची आहे. आठ-दहा दिवस एनिमा नाही, बेरियमचा फोटो नाही. त्या फोटोसाठी खालून पांढरं औषध आणि हवा रेटतात. कच्च्या जागी फाटलं तर ते सगळं पोटात सांडेल, आणि मग माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही. कुणी विचारो न विचारो, सांगायचं.” पोरसवदा होता, पण डोळ्यांत बघून बोलला. निवृत्ती तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता. वर आल्यावर पुंजारामनं त्याला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. निवृत्ती हसला. “अहो दाजी, नवं पोरगं आहे ते. आपल्याला परत तिथंच बोलवायचंय म्हणून घाबरवतंय. आणि हे बघा, मोठ्या डॉक्टरला कळलं ना की आपण आधी दुसरीकडं हात लावून आलोय, तर तो हातसुद्धा लावणार नाही. म्हणेल, जा तिकडंच. या लोकांचा मान असतो दाजी, तुम्हाला नाही कळायचं.”

मान. लोकांचे मान सांभाळण्यात पुंजारामचा जन्म गेला होता. मोठ्या डॉक्टरांकडे तो गेला तेव्हाही निवृत्तीच बोलला. डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठं दाखवलं का, तर निवृत्ती म्हणाला, “नाही साहेब, थेट तुमच्याकडंच.” पुंजाराम खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता, खिशात सरकारी दवाखान्याचा कागद होता, आणि तोंडाला जसं काही कुलूप. मोठ्या डॉक्टरांचाही काय दोष. त्यांनी विचारलं होतं. एकजात सगळ्या चाळीत हीच रीत होती. एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की पहिल्याचं नाव गिळायचं. देवळालीच्या डॉक्टरला नाशिकच्या डॉक्टरचं सांगायचं नाही, नाशिकच्याला मुंबईच्याचं सांगायचं नाही, आणि वैदूचं तर कुणालाच नाही. जावयाला पहिल्या सोयरिकीची गोष्ट सांगत नाहीत तसं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, पुंजारामलाही कधी वाटलं नव्हतं. आज वाटत होतं, कारण आज आतली भिंत त्याची होती.

बरं, आणि हा माणूस मुका होता का? सबंध नाशिकात पुंजारामइतका बोलणारा माणूस नसेल. गेली कित्येक वर्षं तो सीबीएसच्या एसटी स्टँडवर काचेच्या खोलीत बसून बोलत होता. ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. येवला, मनमाडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर उभी आहे.’ मग दम घेऊन तेच पुन्हा, कारण पहिल्यांदा कुणी ऐकत नाही. त्याच्या आवाजावर माणसं उठायची, बोचकी उचलायची, पोरांना बखोटीला धरून धावायची. द्राक्षाच्या पाट्या घेऊन पिंपळगाव बसवंतहून आलेली, पैठणीचं रेशीम घेऊन येवल्याला निघालेली, सगळी. मोठमोठे साहेब लोक त्याचा आवाज ऐकून वळायचे. आणि त्या सगळ्या बोलण्यात त्याचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. पेठची गाडी उशिरा येईल, हे त्यानं हजारदा सांगितलं. माझ्या शौचात रक्त पडतंय, हे सांगायला त्याला पुरा पावसाळा लागला. शकूला सांगितलं तेव्हाही नीट नाही सांगितलं. ‘मूळव्याध झालीय वाटतं,’ एवढंच. मूळव्याध म्हटली की बरं असतं, तिच्यावर हसता येतं. शकूनं ताक वाढवलं, मिरची बंद केली. निवृत्तीनंही घरात तोच शब्द चालवला; सोमवारी दवाखान्यातून आल्यावर म्हणाला, “आक्का, काही नाही, मूळव्याधच आहे.” पुंजाराम शेजारीच उभा होता. ती दोघं बहीण-भाऊ त्याच्या पोटाबद्दल बोलत होती आणि तो दाराची कडी हातानं फिरवत होता.

आतून नर्सबाई आली, एक नाव पुकारलं. पुंजारामचं नव्हतं. एक म्हातारा उठून आत गेला. बाकावर जागा झाली तशी एक म्हातारी मुलासोबत सरकून पुंजारामजवळ आली. तिच्या मुलानं तिला कानात काही सांगितलं, तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. पुंजारामला ती मान ओळखीची वाटली. सगळ्या पडवीत असल्याच माना होत्या, हलायला तयार असलेल्या.

त्याला बाप आठवला. सावळीराम. बापाचा डावा पाय घोट्यापाशी वाकडा होता. पाटलाची गाडी पायावरून गेली तेव्हा पुंजाराम जन्मलाही नव्हता, पण ती गोष्ट त्यानं बापाकडून इतक्यांदा ऐकली होती की त्याला ती दिसायची. पाटलाचा माणूस बापाला दवाखान्यात घेऊन गेला. बाप पडवीच्या खाली, उन्हात. डॉक्टर वर, उंबऱ्याच्या आत. डॉक्टरनं लांबूनच विचारलं, कसं लागलं. पाटलाचा माणूस म्हणाला, “झाडावरनं पडला. मुरगळलाय.” बाप गप्प. डॉक्टरनं लेप वरून टाकला, बापानं तो झेलला. हाड मोडलेलं होतं, ते मोडलेलंच जुळलं, जसं जुळायचं तसं. ‘आन् तुम्ही काहीच नाय बोललात आबा?’ लहानपणी पुंजाराम विचारायचा. बाप म्हणायचा, “आरं, तो बोलत व्हता ना.” त्याच वाकड्या पायानं बाप पुढं येवल्याच्या मोठ्या सभेला चालत गेला, रात्रभर चालला, आणि परत आला तो दुसराच माणूस होऊन आला. देव्हारा रिकामा झाला, पोरं शाळेत गेली. त्यातला एक पोरगा चांगला शिकला, नोकरीला लागला, पँट-शर्ट घालून खुर्चीवर बसला. आणि आज एका बंगल्याच्या पडवीत, चांगल्या सावलीत, बाकावर बसून तोच पोरगा म्हणत होता, अरे तो बोलतोय ना. पुंजारामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाटलाच्या माणसाचं एक वेळ समजतं, तो पाटलाचा होता. पण निवृत्ती घरचा. कामगारांच्या गेटसभेत साहेबांच्या तोंडावर बोलणारा, बोनससाठी दोन दिवस उपाशी बसलेला. आणि डॉक्टर दिसला की त्याची पाठ आपोआप वाकते, आवाज मधाळ होतो, ‘साहेब, साहेब’. ही कसली रे आपली बिमारी, पुंजारामला वाटलं, जी शिकून जात नाही, पगार वाढून जात नाही.

“पुंजाराम कोण?” बाई आली.

तो उठला. निवृत्तीही उठला. सांगू का हिला, आत्ताच, दारातच? बाईनं त्याच्या हातात हिरवा झगा कोंबला, पडद्यामागं ढकललं. “सगळे कपडे काढा. पोट साफ झालंय ना?” “झालंय, एरंडेल पाजलंय,” निवृत्ती पडद्याबाहेरून म्हणाला. पोट साफ झाल्याचंसुद्धा त्यानंच सांगितलं. पुंजाराम झगा घालून उभा राहिला. झग्याची पाठ उघडी होती आणि नाड्या तुटलेल्या. माणसाला मागून उघडं केलं की त्याचं बोलणं बंद होतं, हे ज्यानं कुणी हा झगा शिवला त्याला पक्कं ठाऊक असणार. सर्जननं सांगितलेली गोष्ट खरी की खोटी? समजा खोटी असली, घाबरवण्यापुरती असली, तर बोलून तोंडावर आपटायचं. निवृत्तीची ओळख जाईल, नंबर जाईल, मोठे डॉक्टर चिडतील. आणि समजा खरी असली तर. त्याला ते पांढरं औषध दिसलं, त्याच्या आत जाताना, कच्च्या जागेपाशी पोचताना. पुढचं त्याच्यानं बघवेना.

खोली अंधारी होती. मधे टेबल, गार पत्र्यासारखं. वर खांबाला पांढऱ्या पाण्याचं भांडं टांगलेलं, त्याला लाल रबरी नळी. कोपऱ्यात डॉक्टर उभा, अंगात जड एप्रन, डोळ्यांना लाल काचांचा चष्मा. अंधाराची सवय व्हावी म्हणून तो घालतात म्हणे. त्या चष्म्यामुळे त्याचे डोळे दिसत नव्हते. बाईनं पुंजारामला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. त्याचं तोंड भिंतीकडे झालं. पाठीमागं दारात निवृत्ती त्याचे कपडे छातीशी धरून उभा होता. पँट, शर्ट, आत कागद. बाईनं नळीला काहीतरी चोपडलं. त्या वासानं त्याला सोमवार आठवला.

“याआधी काही तपासणी?” डॉक्टरनं विचारलं. आवाजात घाई नव्हती, रोजचं विचारणं होतं. “दुर्बीण घातली होती? तुकडा वगैरे काढला?”

“नाही साहेब,” दारातून निवृत्ती म्हणाला. “काही नाही. मूळव्याधीचा जुना त्रास आहे, बस.”

पुंजारामला आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्याला वाटलं, ओरडणार आता आपण, शिव्या घालणार. पण तोंडातून आला तो काचेच्या खोलीतला आवाज. सावकाश, स्वच्छ, शेवटच्या फलाटावर उभ्या असलेल्या म्हातारीलाही कळावा असा.

“इकडे लक्ष द्यावं. सोमवारी सरकारी दवाखान्यात माझ्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा काढलेला आहे. जखम ओली आहे. आठ-दहा दिवस बेरियम द्यायचं नाही, असं तिथल्या सर्जननी सांगितलेलं आहे.” त्यानं दम घेतला. मग सवयीनं त्यानं ते सगळं पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द.

“दिवा लावा,” डॉक्टर म्हणाला. दिवा लागला. डॉक्टरनं लाल चष्मा काढला. डोळे बारीक होते, थकलेले, आणि आता चांगलेच तापलेले. त्यानं बाईच्या हातातली नळी स्वतः घेऊन खांबाला अडकवली. मग निवृत्तीकडे वळला. “तुम्ही कोण?”

“मेव्हणा, साहेब. म्हणजे मला वाटलं—”

“तुम्हाला वाटलं. ताज्या जखमेवर मी हे सोडलं असतं. फाटलं असतं तर हा माणूस या टेबलावरून कुठं गेला असता, कल्पना आहे? कोण कुणाकडे जाऊन आलं याच्याशी मला काय करायचंय?” मग तो पुंजारामकडे वळला, आणि त्याचा आवाज खाली आला, पण राग खाली आला नाही. “आणि तुम्ही. तुम्हाला माहीत होतं. तरी इथवर येऊन झोपलात?”

“हो,” पुंजाराम म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्याशी त्याच्या पोटाबद्दल बोलत होतं, भले रागानं का होईना. मागून उघडा, तुटक्या नाड्यांच्या झग्यात तो टेबलावर उठून बसला आणि डॉक्टरच्या रागाकडे बघत राहिला. हा राग त्याला हवासा वाटला.

“तुकड्याचा रिपोर्ट येऊ द्या,” डॉक्टर म्हणाला. “जखम भरली असं त्या सर्जनकडून लिहून आणा, मग या. तोवर कुणाला काही घालू देऊ नका आत. पोट दुखलं, ताप आला, तर तडक त्यांच्याकडे जायचं.”

तो बाहेर आला तेव्हा सगळी पडवी त्याच्याकडे बघत होती. पडद्यानं आवाज थोडाच अडतो. म्हातारीनं तोंडावरचा पदर खाली केला. “आरं, हा तर ष्टँडावरचा,” ती मुलाला म्हणाली, आणि मग थेट पुंजारामला, “बाबा, पिंपळगावची गाडी आता कवा हाय?” पुंजारामनं सांगितलं. तिनं मान हलवली नाही, नुसती बघत राहिली. मुलगा काही कुजबुजायला वाकला, तसा तिनं त्याला हातानं लांब केला. “थांब रं,” ती म्हणाली. तिचं पुढं काय झालं, पुंजारामला कळलं नाही.

रिक्षात निवृत्ती कडेला बसला, अंग चोरून. रिक्षा शालिमार ओलांडून द्वारकेपाशी आली. मग निवृत्ती बाहेर बघत म्हणाला, “सगळ्यांसमोर माझी लाज काढलीत दाजी. मी काय माझ्यासाठी करत होतो का?” पुंजारामला त्याची दया यायला हवी होती. आलीही. पण दयेनं राग काही कमी झाला नाही, उलट भडकला, कारण निवृत्ती म्हणत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं. यानं स्वतःसाठी काहीच केलं नव्हतं. पाटलाच्या माणसाचा निदान मतलब तरी होता. हा बिनमतलबाचा, मायेनं, रजा टाकून. “तू चांगला आहेस, निवृत्ती,” पुंजाराम म्हणाला. “चांगलाच आहेस. पण आज मला मारलं असतंस. आणि मी मरू दिलं असतं, तुझा मान राहावा म्हणून.” निवृत्तीनं तोंड फिरवलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे, पुंजारामला वाटलं. त्याला खड्ड्यांचे धक्के बसत होते, प्रत्येक धक्क्याला तो पोटावर हात धरत होता, आणि ते पोट इतके दिवस दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं तो ते घेऊन हिंडला याचा त्याला स्वतःचाच भयंकर संताप येत होता.

शकू दारातच होती. हात पदराला पुसत पुढं आली आणि तिनं भावाकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही. “काय म्हणाले रे डॉक्टर?”

निवृत्ती खाटेवर बसला. चप्पल काढता काढता सवयीनं म्हणाला, “काही नाही आक्का, ते आपलं...”

पुंजाराम त्याच्या शेजारी बसला. त्यानं निवृत्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. निवृत्ती गप्प झाला.

“शकू,” पुंजाराम म्हणाला, “इकडं बघ. मला विचार.”

तिनं बघितलं. किती दिवसांनी तिनं असं सरळ बघितलं होतं. तिच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. “काय झालंय तुम्हाला?” तिनं विचारलं.

तो आवाज लावायला गेला, स्टँडवरचा, स्वच्छ, न अडखळणारा. तो कुठंच सापडेना. निवृत्तीनं गुडघ्यावरचा त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“मूळव्याध नाही,” पुंजाराम म्हणाला. “गाठ आहे. मला लय भीती वाटते, शकू.”